चौकट्या आणि कोपऱ्यातली बाई

दिनांक ६ मे रोजी मी चौकट्याच्या दुकानात सहाशे पंचेचाळीस मोजले आणि पावती मागितली. त्याने पावती दिली नाही. पावती हवी असेल तर फ्रेम करूनच देतो, तिचे वेगळे पडतील, असं म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आमच्यातलं वैर त्याच्या कितीतरी आधीचं आहे. पण जुन्या वैराला तारीख नसते, म्हणून मी सुरुवात इथून धरतो.

चौकट्या हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कुणी वापरत नाही. त्याच्या वडिलांचं फोटो फ्रेम करायचं दुकान होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आणि तेच पुढे याच्याकडे आलं. बाप मोठा मिजासखोर माणूस. सहा मापांच्या तयार चौकटी भिंतीला टांगलेल्या असत आणि सातवं माप करायला तो कुणाच्या बापाला तयार नव्हता. फोटो बसत नसला तर कापायचा. फोटो चौकटीसाठी असतो, चौकट फोटोसाठी नसते, हे त्याचं वाक्य मुलाने वारसाहक्काने उचललं, दुकानाच्या आणि तिरसट स्वभावाच्या सोबत.

आमच्या आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टुडिओत जाऊन फोटो काढला. मधे आईवडील, मागे काका आणि काकू, डावीकडे ताई, उजवीकडच्या टोकाला मी. फोटो फ्रेमला दिला. त्या वेळी बाप आजारी होता आणि मुलगा नुकताच गल्ल्यावर बसायला लागला होता. फ्रेम घरी आली तेव्हा तिच्यात मी नव्हतो. माझं कोपर होतं. वडील भांडायला गेले तर चौकट्या म्हणाला, मुख्य माणसं सगळी आली आहेत की. आईने तो फोटो तसाच भिंतीवर लावला. पाहुणे विचारत, यात धाकटा कुठे दिसत नाही? आई उठून कोपरावर बोट ठेवी.

तो फोटो आता माझ्या घरी आहे. मी कॉमर्सचा माणूस. आयुष्यभर एका कागदाच्या वखारीत हिशेब पाहिले, येत्या वर्षी निवृत्त होईन. हिशेबात एखादी रक्कम गाळली गेली तर ती कुठे गेली हे शोधेपर्यंत मला जेवण जात नाही. त्या फोटोतून माझं अंग गाळलं गेलं आणि ते त्या दुकानाच्या केरात गेलं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा चौकट्याबद्दल मी जे लिहितो आहे ते प्रेमाने लिहितो आहे असा समज कुणी करून घेऊ नये.

पुढे लोकांनी फोटो भिंतीवरून काढले आणि खिशात ठेवले. चौकट्याही त्यांच्या मागोमाग खिशात गेला. दुकानाच्या पुढच्या भागात काचा, लाकडी पट्ट्या आणि पुठ्ठे तसेच राहिले, मागच्या भागात एक कॉम्प्युटर आला. दारावर पाटी लागली: फ्रेम करून मिळेल, मेमरी कार्ड भरून मिळेल, फाइल बदलून मिळेल. यातलं शेवटचं काम सगळ्यांना येत नसे. हातात धरून व्हिडिओ बघायची ती छोटी यंत्रं मोठी नाजूक पोटाची. एकाला जी फाइल पचते ती दुसऱ्याला पचत नाही. कुणाला चित्र चालतं पण आवाज चालत नाही, कुणी नुसतं काळं तोंड करून बसतं. अशा वेळी मूळ फाइल त्या यंत्राला झेपेल अशा रूपात उतरवून घ्यावी लागते. चौकट्याला ते येत असे. चांगलं येत असे, हेही लिहितो, म्हणजे एकतर्फी लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

या कामात त्याचे दोन हट्ट होते. पहिला काळ्या पट्ट्यांचा. मूळ चित्र रुंद आणि प्लेअरची स्क्रीन त्या मानाने चौकोनी, त्यामुळे अख्खं चित्र बसवलं की वर आणि खाली काळी पट्टी राहते. एक गिऱ्हाईक म्हणे दुकानात येऊन ओरडलं होतं की माझी अर्धी स्क्रीन तुम्ही बंद पाडली. तेव्हापासून चौकट्या चित्र मोठं करून स्क्रीन काठोकाठ भरून द्यायचा आणि दोन्ही बाजूंना जे उरेल ते कापायचा. हे त्याला शिकावं लागलं नाही, रक्तातच होतं. एका लग्नाच्या व्हिडिओत रांगेच्या दोन्ही टोकांचे व्याही दिसेनासे झाले, म्हणून वरमाई तक्रार घेऊन आली. तिला त्याने विचारलं की ते आता तुमच्याशी बोलतात का. ती नाही म्हणाली. मग तुमचं कामच केलं, म्हणाला.

दुसरा हट्ट तपासणीचा. तो फाइल डोळ्यांनी तपासत नसे, कानाने तपासायचा. एका कानात इअरफोन कायम खुपसलेला, हात काच कापण्यात गुंतलेले, आणि कानात एकामागून एक फायली वाजत असायच्या. बिघडते तेव्हा आवाजच आधी बिघडतो, असं त्याचं म्हणणं. तुटतो, नाही तर चित्राच्या पुढे पळतो. आवाज शेवटपर्यंत नीट असला तर काम नीट. बघत बसायला मी काय जावई आहे, असं तो म्हणायचा. त्याच्या धंद्यात ते खरंही असेल. गिऱ्हाइकं सगळी कानाने धडधाकट होती.

माझी भाची, ताईची मुलगी, जन्मापासून ऐकू शकत नाही. वय तेव्हा चोवीस. हुशार आहे, हातांनी बोलते आणि इतकी भरभर बोलते की तिच्या मैत्रिणी जमल्या की घरात पंखा लावावा लागत नाही, असं ताई म्हणते. मला तिच्या भाषेतले तीसेक शब्द येतात, त्यातले निम्मे खाण्यापिण्याचे. बाकीचं ताई समजावून सांगते किंवा भाची लिहून देते.

ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर होती, कंत्राटावर. त्या वर्षी पट्ट्यावर यंत्रं यायची ठरली आणि जूनअखेर कंत्राटी माणसं घरी जाणार हे जाहीर झालं. एकच वाट उरली होती. गुणवत्ता तपासणीच्या मदतनिसांची परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती. पास झाली तर कायम, नाही तर घरी. आणि घरी म्हणजे काय हे ताईला माहीत होतं. ऐकू न येणाऱ्या मुलीला पहिली नोकरी मिळायला चार वर्षं लागली होती.

परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या संस्थेने चाळीस व्याख्यानं पेन ड्राइव्हवर दिली. चित्रात डावीकडे मास्तर आणि फळा, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एका चौकोनात दुभाषी बाई. मास्तर बोलतील ते ती हातांनी सांगते. भाचीला अभ्यासाला वेळ मिळायचा तो कारखान्याच्या बसमध्ये, जाताना तास आणि येताना तास, आणि मधल्या सुट्टीत. पण कारखान्यात कॅमेरा असलेला फोन नेता येत नाही, फाटकावर पेटीत ठेवावा लागतो. म्हणून मी बिनकॅमेऱ्याचा एक जुना प्लेअर शोधून आणला, तळहाताएवढा. फाटकावरच्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला आणि परवानगी दिली. व्याख्यानं त्यावर चालेनात. प्लेअर म्हणे, फाइल उघडता येत नाही. तीन दुकानं पालथी घातली. तिघांनीही प्लेअरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चौकट्याचं नाव घेतलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी गेलो. चाळीस फायली बदलून कार्डात भरायच्या, एवढंच सांगितलं, कारण त्याच्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. त्यानेही विचारलं नाही. चार दिवसांनी कार्ड दिलं आणि सुरुवातीला सांगितलेले ते सहाशे पंचेचाळीस घेतले. मी चाळीस फायली मोजून घेतल्या, प्लेअरमध्ये पहिली लावून मास्तर दिसतात हे पाहिलं आणि कार्ड ताईकडे पोचतं केलं.

आठवडा गेला. भाचीने कळवलं, छान आहे. मामाने धावपळ करून आणलं, त्यात खोट काय काढायची, असा तिचा विचार. मग एका रविवारी मी ताईकडे गेलो तेव्हा ताईचं तोंड आंबट होतं. मुलगी रडून उठली आहे, म्हणाली. काय शिकवतात तेच तिला कळत नाहीये. मास्तरांच्या ओठांवरून वाचायचा प्रयत्न करतेय, पण तो माणूस अर्धा वेळ फळ्याकडे तोंड करून असतो. मी विचारलं, आणि ती कोपऱ्यातली बाई?

भाची माझ्या ओठांकडे पाहत होती. तिने टेबलावर बोटाने एक चौकोन काढला. मग चौकोनाच्या कडेतून आपला हात आत आणला, थोडा हलवला आणि पुन्हा बाहेर नेला. पुन्हा आणला, पुन्हा नेला.

मला अधिक काही सांगायची गरज पडली नाही. कडेतून आत येणारा एकटा हात हे कुणाचं काम, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुला जगात दुसरं कुणी सापडलं नाही?" ताई म्हणाली. "तुझं कोपर ठेवलं होतं, हिची तर बोटंच ठेवली."

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्याआधी मी दुकानात उभा राहिलो. चौकट्या काच पुसत होता. मी प्लेअर त्याच्यासमोर ठेवला आणि काम बिघडवलं आहे असं सांगितलं. तो म्हणाला, माझ्याकडून बिघडलेलं काम बाहेर जात नाही. त्याने कानातल्या इअरफोनची पिन कॉम्प्युटरमधून उपसून प्लेअरला लावली, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. मग इअरफोन माझ्यापुढे केला.

"ऐका. घंटेसारखा स्वच्छ आवाज आहे."

"जिच्यासाठी केलंय तिला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं. ते भिंतीवरच्या चौकटी मन लावून पाहू लागलं. चौकट्याने इअरफोन काउंटरवर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काही तरी हललं असं मला वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"मग आधी सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लावून आलात. मला काय स्वप्न पडणार?"

मी म्हणालो की चित्र दिलं ते चित्र परत द्यायचं, एवढं सांगावं लागत नाही. कापायला कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, काळ्या पट्ट्या या दुकानातून बाहेर पडत नाहीत. मी म्हणालो की या दुकानातून माणसं पूर्ण बाहेर पडत नाहीत, त्याचं काय. त्यावर त्याने डोकं वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. फोटो त्याच्या लक्षात होता.

"ते कोपर अजून धरून बसलात होय?" तो म्हणाला. "हिशेबनीससाहेब, माणसाने इतकं सांभाळून ठेवू नये. गंज चढतो."

मूळ पेन ड्राइव्ह त्याच्याकडे खिळ्याला टांगलेला होता. मी सांगितलं की चाळीसही फायली अख्ख्या चित्रासकट पुन्हा करून द्यायच्या, पट्ट्या आल्या तर येऊ देत, आणि याचे पैसे मिळणार नाहीत. तो म्हणाला की नवं काम, नवे पैसे. एकशे ऐंशी. तेही ओळखीचे म्हणून. मी म्हणालो, चूक झाली एवढं कबूल करा, मग पैशांचं बघू. तो म्हणाला, पैसे ठेवा, मग चुकीचं बघू. तिथेच गाडं अडलं. परीक्षा तोंडावर आली होती, आणि आम्ही दोघं साठीला टेकलेली माणसं एकमेकांची नाकं मोजत उभी. मी ड्राइव्ह न घेताच निघून आलो, कारण खिळा त्याच्या पाठीमागे होता आणि तो उठला नाही.

संध्याकाळी हे ताईला सांगितलं. भाचीने सगळं विचारून घेतलं. मग तिने पायात चपला घातल्या.

चौकट्या दुकान आवरत होता. भाचीला पाहून त्याने भुवया वर केल्या आणि मोठ्या आवाजात बोलायला लागला, जसे सगळेच तिच्याशी बोलतात. मी सांगितलं की ओरडून उपयोग नाही, तोंड समोर ठेवून सावकाश बोला. तो म्हणाला की हे तरी वेळेवर सांगितलंत. भाचीने खिळ्याकडे बोट केलं. त्याने ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावला आणि पहिलं व्याख्यान उघडलं. मोठ्या पडद्यावर दुभाषी बाई आपल्या कोपऱ्यात पूर्ण होती, काळा सदरा, दोन्ही हात चालू. भाचीच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं मागून कळलं.

चौकट्याने तिच्यासमोर अख्खं चित्र पट्ट्यांसकट प्लेअरच्या मापाचं करून दाखवलं. आता त्यात मास्तर होते, फळा होता, बाईही होती. पण बाई हरभऱ्याएवढी. तिची बोटं दिसणं शक्य नव्हतं. चौकट्याने माझ्याकडे बघून ओठ मुडपले. मी मनातून चरफडलो. मी दिवसभर ज्याच्यासाठी भांडलो होतो ते मिळालं असतं तर मुलीच्या काहीच कामाचं नव्हतं.

भाची पडद्याजवळ गेली. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून तिने चौकोन केला आणि तो बाईभोवती धरला. बाकी सगळ्यावरून तिने हात फिरवला, जसं टेबल पुसतात.

मी मध्ये पडलो. मास्तर हवेत, फळा तर हवाच, असं मला जमतील त्या खुणांनी सांगू लागलो. तिने पिशवीतून संस्थेचं छापील पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. फळ्यावरचं सगळं त्यात होतं.

"हिला कळतं," चौकट्या म्हणाला. "तुमच्या घरात कसं आलं कुणास ठाऊक."

मग त्याने काउंटरखालून दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या, काटकोनात कापलेल्या, कडा हाताळून हाताळून काळ्या झालेल्या. फ्रेमवाले त्या फोटोवर ठेवून मागेपुढे सरकवतात आणि कुठे कापायचं ते ठरवतात. बापाच्या वेळच्या होत्या. बहुधा त्याच माझ्या खांद्यावर ठेवल्या गेल्या असतील. त्याने त्या पडद्यावर बाईभोवती धरल्या आणि भाचीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही. वर सरकव. त्याने सरकवल्या. नाही. तो वैतागला. बाईचं डोकं आलं, आता आणखी वर काय आकाश दाखवू, असं पुटपुटला. तेव्हा भाची त्याच्यासमोर सरळ उभी राहिली आणि तिने हातांनी मोठमोठे शब्द करायला सुरुवात केली, डोक्याच्या वर जाणारे, दोन्ही बाजूंना पसरणारे, पोटाशी येणारे. काय म्हणत होती ते मला कळलं नाही. नंतर ताईला विचारलं तर ती म्हणाली की कळलं नाही तेच बरं.

चौकट्या मात्र हातातल्या पट्ट्या तिच्या हातांच्या टोकांपर्यंत उघडत गेला. मग ते माप पडद्यावर बाईभोवती आणलं. तिने मान डोलावली. बाप जिवंत असता तर त्याने दुकानाचं सातवं माप पाहिलं असतं.

पैशांचा विषय त्यानेच काढला. एकशे ऐंशी. मी पुन्हा तेच म्हणालो, आधी चूक कबूल करा, हिच्यासमोर करा. भाचीने पर्स उघडली. मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला, मी पुन्हा धरला.

"राहू दे पोरी," चौकट्या तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला. "उधारी मामाच्या नावावर राहू दे. उधारीचा माणूस दुकानासमोरून जात नाही, पलीकडच्या गल्लीने जातो. एकशे ऐंशीत हे तोंड रोज बघायचं टळत असेल तर मला स्वस्त पडलं."

ओठ वाचून ती हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

काम सुरू करताना तो आणखी एक बोलला. आवाज काढून टाकतो, म्हणाला, हिला काय करायचाय. हे ऐकून माझ्या डोक्यात सणक गेली. एखाद्याच्या उणेपणावर असं कुणी बोलतं का, असं मी त्याला सुनावलं. तो तिच्याकडे वळला. तिला बोटांनी दाखवलं की आवाज जागा खातो, तो गेला की त्या जागेत चित्र अधिक स्वच्छ बसेल, बोटं वेगळी दिसतील. तिने ताबडतोब होकार दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

पहिली फाइल तयार झाल्यावर त्याचा हात सवयीने इअरफोनकडे गेला. अर्ध्यातून परत आला. त्याने प्लेअर तिच्याकडे सरकवला.

"तपास," म्हणाला.

तिने शेवटपर्यंत तपासली. तो तोवर हात बांधून बसला. कानात काही न घालता बसलेलं मी त्याला तेव्हा एकदाच पाहिलं. अवघडल्यासारखा दिसत होता, जसा चष्मा हरवलेला माणूस दिसतो. बाकीच्या फायली त्याने रोज थोड्या थोड्या केल्या. भाची बसमधून उतरली की दुकानात शिरायची, झालेल्या तपासायची, एखादीत बाईचा हात कडेला लागत असला तर परत करायला लावायची. तो करायचा आणि तोंडाने शिव्या द्यायचा, तोंड दुसरीकडे फिरवून, म्हणजे तिला वाचता येऊ नये. तिला त्या पाठीवरूनही कळायच्या. पुढे तिने त्याच्यासाठी हातांची एक खूण ठरवली. ती मी इथे लिहीत नाही. गल्लीतली निम्मी पोरं आता ती करतात.

कामात असताना तिने त्याच्याकडून काय काय काढून घेतलं कोण जाणे. बायको कधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन दूर, ती वर्षातून एकदा येते आणि दोन दिवसांत भांडून जाते. जेवण काउंटरवरच, पेपर पसरून. हे ताईने मला सांगितलं, भाचीकडून कळलेलं. मी विचारलं, मग मी काय करू? ताई म्हणाली, काही करू नकोस, तुला नुसतं सांगितलं. तुम्ही दोघं एकाच मापाचे आहात.

परीक्षा झाली. जूनच्या शेवटच्या दिवशी पट्ट्यावरच्या सव्वीस जणींना कारखान्याने हिशेब चुकता करून घरी पाठवलं, त्यांत भाचीही होती. तिने पाकीट आणून देव्हाऱ्यात नाही, ताईच्या मांडीवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. निकाल जुलैत लागला. ती पास होती. पाहिजे होते त्याहून चारच गुण जास्त, पण पास. ऑगस्टपासून कायम. पांढरा कोट, तपासणीची खोली, आणि तिथेही फोन न्यायचा नाही.

चौकट्याला सांगायला ती स्वतः गेली. तो म्हणाला म्हणे, होणारच, मास्तर कापला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित एखाद्या दिवशी जाऊन पैसे टाकून आलो असतो. पण तिला संस्थेचं प्रमाणपत्र आलं आणि तिने ते फ्रेम करायला त्याच दुकानात दिलं. मी नको म्हणालो, ताई नको म्हणाली. फ्रेम आली. प्रमाणपत्राची खालची दोन बोटं रुंद कड कापलेली होती आणि संचालकांची सही अर्धी उडालेली. मी तसाच फ्रेम बगलेत मारून दुकानात गेलो. म्हणालो, ही सही आहे, याला किंमत असते.

"नाव मधोमध आलंय ना?" चौकट्या म्हणाला. "सही करणाऱ्याने वर करायची होती. आणि माझे एकशे ऐंशी आणले असाल तर सही चिकटवून देतो."

घरी येऊन ताईपुढे फ्रेम आदळली तेव्हा भाची हसत आत गेली आणि कपाटातून अख्खं प्रमाणपत्र घेऊन आली. चौकट्याकडे तिने रंगीत प्रत दिली होती. तेवढं ती त्याला ओळखून होती. फ्रेम तिने भिंतीवर लावली, अर्ध्या सहीसकट. शेजारी माझं कोपर लावायला दे म्हणून ती मागते. मी दिलेलं नाही.

पलीकडची गल्ली मला वखारीत जायला जवळची पडते. तरीही मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या दुकानासमोरूनच जातो, सावकाश, फुटपाथच्या त्याच बाजूने. तो काच पुसता पुसता वर बघतो. चूक झाली असं त्याने अजून म्हटलेलं नाही. त्याचे एकशे ऐंशी माझ्याकडे बाकी आहेत.